ब्रेड मशीन रोज चालवायचं असेल तर आधी भांडं उलटं करून बघा

ब्रेड मशीनच्या खोक्यावर प्रोग्रॅमचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो. कुठे १२, कुठे १९, कुठे २५. त्याखाली क्रस्टच्या, म्हणजे ब्रेडच्या वरच्या कडक सालीच्या, तीन छटा, उशिरा सुरू होणारा टायमर, आतला दिवा. महिन्यातून एखादा ब्रेड करायचा असेल तर ही यादी बघून खुशाल मशीन घ्या. आठवड्यातून चार-पाचदा किंवा रोज करायचा असेल तर तिचा काही उपयोग नाही. रोजच्या वापरात मशीन अडतं ते भांड्याच्या तळातल्या रबरी सीलमुळे, घासून गेलेल्या लेपामुळे किंवा मोटरची फिरकी पुढे नेणारा पट्टा सैल पडल्यामुळे, आणि यातलं काहीच खोक्यावर छापत नाहीत.

भाग साधारण या क्रमाने झिजतात: आधी पीठ मळणाऱ्या पात्यावरचा आणि भांड्यातला नॉनस्टिक लेप, मग भांड्याच्या तळाचं सील आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी), मग पट्टा, मग सतत दाबलं जाणारं स्टार्ट-स्टॉपचं बटण. मोटर आणि हीटर सहसा शेवटपर्यंत साथ देतात. म्हणजे पहिले दोन्ही बिघाड भांड्यातले. म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन विचारायचा पहिला प्रश्न एकच: या मॉडेलचं भांडं आणि पातं सुटं मिळतं का, आणि केवढ्याला?

उत्तर मिळवायला मॉडेल क्रमांक लागतो, आणि तो खोक्यावरच्या नावापेक्षा मशीनच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरून घ्यावा. एकाच नावाखाली दोन वर्षांनी आतून बदललेलं मशीन विकलं जातं आणि जुनं भांडं नव्यात बसत नाही. दिसायला सारखी भांडी एकमेकांत चालत नाहीत. तळाच्या कपलिंगची, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या तुकड्याची, उंची, त्याला असलेले पंख, भांडं अडकवायची पद्धत आणि आतल्या दांड्याची जाडी, या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. सुटं भांडं मिळतच नसेल किंवा त्याची किंमत मशीनच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ते मशीन रोजच्या कामासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं कितीही छान असलं तरी.

भांडं हातात घेतल्यावर

मशीन समोर असेल तर भांडं बाहेर काढा आणि आधी नुसतं वजन अजमावा. जाड ओतीव ॲल्युमिनियमचं भांडं हाताला जड लागतं आणि टिचकी मारली तर बसका आवाज येतो. पातळ पत्रा दाबून केलेलं भांडं हलकं असतं आणि खणखणतं. जाड भांड्यात उष्णता सगळीकडे सारखी जाते, ब्रेडच्या बाजू एकसारख्या रंगतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मळणाऱ्या दांड्याची बैठक पक्की राहते. पातळ भांड्यात ही बैठक तळाला रिव्हेटने ठोकलेली असते. घट्ट पिठाचे झटके खाऊन रिव्हेट सैल होतात आणि पाणी त्यांच्या कडेने झिरपायला लागतं. तिथे सील बदलूनही काही होत नाही.

आता भांडं उलटं करा. तळाशी दोन, तीन किंवा चार पंखांचं कपलिंग दिसेल. ते मशीनच्या आतल्या चाकात अडकतं आणि मोटरची फिरकी वर पात्यापर्यंत पोचवतं. कपलिंग चिमटीत धरून वर-खाली हलवा. एखाद्या मिलिमीटरचा खेळ असतोच, त्याची काळजी नको. मग आडवं हलवून बघा. इथे जवळजवळ शून्य हालचाल हवी. नव्या भांड्याचा दांडा आडवा डुगडुगत असेल तर त्याचा बुश मुळातच सैल आहे आणि सील वर्षभरात एका बाजूने झिजणार. शेवटी कपलिंग बोटाने पूर्ण फिरवा: सीलचा हलकासा विरोध जाणवला पाहिजे, पण कुठे अडायला नको, खरखर नको.

हे कपलिंग दांड्यावर कसं बसवलंय तेही इथेच दिसतं. खाली सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा स्क्रू असेल तर दांडा बाहेर काढून सील आणि बुश बदलता येतात. ठोकून बंद केलेलं असेल तर अख्खं भांडंच बदलावं लागतं. दोन मशीनमध्ये मन डळमळत असेल तर या एका गोष्टीवर निकाल लावायला हरकत नाही.

सीलचं काम समजून घेतलं की त्याची काळजी कशी घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही. दांडा भांड्याच्या तळातून आरपार जातो. त्याच्याभोवती रबराची पातळ ओठासारखी कड घट्ट बसलेली असते. ती पाणी वरच्या बाजूला अडवते आणि खालच्या बुशमधलं ग्रीस कोरडं ठेवते. कड झिजली की पातळ पीठ खाली उतरतं, भाजताना तिथेच करपून कडक होतं आणि मग सँडपेपरसारखं दांड्याला घासायला लागतं. मळताना येणारी चिरचिर, भांड्याच्या तळाला बाहेरून दिसणारा काळपट-करडा ओघळ, दांड्याला हळूहळू येणारा डुलता खेळ, ही सगळी त्याचीच लक्षणं. खात्री करायची असेल तर पातं काढून भांड्यात दोन बोटं पाणी घ्या, भांडं दोन वाट्यांच्या कडांवर असं टेकवा की कपलिंग मोकळं राहील, आणि खाली पांढरा कागद ठेवा. अर्ध्या तासाने कागद कोरडा असेल तर सील ठीक आहे. ओला डाग असेल तर लवकरच बदलावं लागेल. डाग काळा असेल तर ग्रीस धुऊन निघालंय आणि बुशही चाललाय.

सील मारणारी सवय एकच: भांडं पाण्यात बुडवून ठेवणं. बाहेरच्या बाजूने पाणी थेट बुशमध्ये शिरतं, कारण तिथे अडवायला काही नसतं. डिशवॉशरमध्ये तर गरम पाणी आणि तिखट डिटर्जंट दोन्ही मिळून ग्रीस काढून टाकतात. कंपनीने चालेल म्हटलं असलं तरी रोज वापरायच्या भांड्याला डिशवॉशर दाखवू नये. आतून कोमट पाणी भरून १०-१५ मिनिटं ठेवा, मऊ स्पंजने पुसा, पाणी ओता, बाहेरून ओल्या फडक्याने पुसा. बस. बुशला कधी वंगण द्यायचंच असेल तर खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस वापरा. स्वयंपाकाचं तेल तिथे घालू नका. उष्णतेने ते चिकट होऊन घट्ट बसतं आणि दांडा आवळतो.

लेपाबद्दल एक गैरसमज फार दिसतो, की तो उष्णतेने जातो. नेहमीचा नॉनस्टिक लेप २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि ब्रेड मशीनचं भांडं तिथवर जातच नाही. लेप जातो तो घासून. जाडं मीठ, न विरघळलेली साखर, कडक बिया, सुकामेव्याचे टोकदार तुकडे २०-२५ मिनिटं पात्याखाली फिरत राहतात, तेव्हा तळावर गोल चकती उमटते. मीठ आणि साखर आधी पाण्यात विरघळवून घाला. बिया आणि सुकामेवा मशीन बीप देईल तेव्हा घाला, म्हणजे मळणीचे शेवटचे काही मिनिटंच ते फिरतील. आणि अडकलेला ब्रेड सुरीने सोडवू नका. भांडं उलटं धरून, खालचं कपलिंग थोडं मागेपुढे फिरवलं की ब्रेड सुटतो.

सिरॅमिक लेपाची भांडी सुरुवातीला फार गुळगुळीत वाटतात, पण रोजच्या वापरात त्यांची निसरडी बाजू नेहमीच्या लेपापेक्षा लवकर जाते. लेपाला ओरखडे असतील तर मिठाचं पाणी रात्रभर भांड्यात ठेवणंही टाळा. टायमर लावून सकाळसाठी ब्रेड टाकताना नेमकं हेच होतं: तळाशी पाणी आणि मीठ, वर पीठ. उघडं पडलेलं ॲल्युमिनियम मिठाच्या पाण्याने खड्डे पडून खराब होतं. भांड्याला ओरखडे असतील तर रात्रीच्या टायमरसाठी मीठ पाण्यात न विरघळवता पिठावर एका कोपऱ्यात टाका, यीस्टपासून लांब.

पातं अडकणं ही रोजची कटकट. दांडा इंग्रजी डी आकाराचा असतो आणि पात्याच्या भोकात पीठ शिरून भाजलं जातं. पातं बसवण्याआधी भोकात तेलाचं बोट फिरवा. हे तेल दर वेळी धुतलं जातं, म्हणून इथे चालतं. ब्रेड काढल्याबरोबर भांड्यात कोमट पाणी घाला. पक्कड लावून ओढलेलं पातं निघतं, पण सोबत दांडा वाकवून. पात्याचं भोक झिजून गोलसर झालं की मळताना ते दांड्यावर घसरतं. तेव्हा फक्त पातं बदला. तो या मशीनमधला सगळ्यात स्वस्त सुटा भाग.

एक पातं की दोन

आडव्या, लांबट भांड्यात दोन पाती असतात. झोजिरुशी कंपनीच्या व्हर्चुओसो प्लस या मॉडेलमध्ये तशी रचना आहे, शिवाय झाकणातही हीटर आहे, त्यामुळे ब्रेडचा आकार नेहमीच्या पाव किलो-अर्धा किलोच्या स्लाइस ब्रेडसारखा येतो आणि वरचा भाग पांढुरका राहत नाही. घट्ट पीठ दोन पात्यांत चांगलं मळलं जातं. पण दोन पाती म्हणजे दोन सील, दोन बुश आणि दोन भोकं ब्रेडच्या तळाला. शिवाय छोटा ब्रेड टाकला तर पीठ एकाच पात्याकडे गोळा होतं आणि दुसरं नुसतं फिरत राहतं. कोपऱ्यातलं कोरडं पीठ पहिल्या पाच मिनिटांत रबरी चमच्याने आत लोटावं लागतं. नेहमी मोठाच ब्रेड करत असाल तर दोन पाती घ्या. कधी छोटा, कधी मोठा असं असेल तर एकच पातं बरं. दुमडणारं पातं मला रोजच्या कामाला पटत नाही: मळून झालं की ते आडवं पडतं आणि ब्रेडला भोक लहान पडतं हे खरं, पण बिजागरीत पीठ भरतं आणि एक दिवस ते दुमडायचंच थांबतं.

मोटर आणि वॅटचा घोळ

पट्टीवर लिहिलेले ५५० किंवा ७०० वॅट जवळजवळ सगळे हीटरचे असतात. मळताना मोटर साधारण १०० वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी ओढते. त्यामुळे ७०० वॅटचं मशीन जास्त दमदार, हा हिशेब चुकीचा आहे. ते फक्त भाजायला जास्त उष्णता देऊ शकतं. मोटरचा दम कळायचा तर मशीनचं एकूण वजन आणि घट्ट पिठाची परीक्षा, याच दोन खुणा उपयोगी पडतात. चार किलोच्या आतबाहेरचं मशीन घट्ट पीठ मळताना ओट्यावर सरकत जातं आणि कडेवरून खाली येतं. ही अतिशयोक्ती नाही, ब्रेड मशीन फुटण्याचं ते नेहमीचं कारण आहे. सहा-सात किलोंच्या पुढचं मशीन जागेवर बसतं. हलकंच घेतलं असेल तर खाली रबरी चटई घाला आणि कडेपासून हातभर आत ठेवा.

बहुतेक घरगुती मशीनमध्ये कपॅसिटरवर चालणारी इंडक्शन मोटर असते आणि ती दातेरी पट्ट्याने मोठ्या चाकाला फिरवते. अशी मोटर गुणगुणते, किंचाळत नाही, आणि तिला कार्बन ब्रश नसल्याने झिजायला फारसं काही नसतं. मोटर नुसतीच हूं करते आणि पातं फिरत नाही, पण बोटाने ढकललं की सुरू होतं, तर कपॅसिटर गेलाय. मोटर चालू, पातं रिकामं असताना फिरतं आणि पीठ घातलं की थांबतं, सोबत टकटक आवाज, तर पट्टा दाते सोडतोय. मळणीच्या मध्येच सगळं शांत झालं आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होण्याजोगं झालं, तर जास्त तापल्यामुळे मोटरच्या आतल्या तापमान-संरक्षणाने ती तात्पुरती बंद केली होती. म्हणजे पीठ फार घट्ट किंवा फार जास्त होतं.

किती घट्ट म्हणजे फार घट्ट? ५०० ग्रॅम मैद्याला ३१० ते ३२५ ग्रॅम पाणी, म्हणजे ६२ ते ६५ टक्के, हे कोणतंही मशीन सहज ओढतं. पूर्ण गव्हाच्या पिठाला ७० ते ७५ टक्के लागतं, कारण कोंडा पाणी पितो. बेगलसारखं (कडीच्या आकाराच्या घट्ट पावाचं) पीठ ५५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि इथे मोटर, पट्टा, भांडं धरून ठेवणाऱ्या क्लिपा, सगळ्यांची कसोटी लागते. अशा पिठासाठी मशीनच्या कमाल मर्यादेच्या ७०-७५ टक्केच पीठ घ्यावं आणि दोन घाण्यांमध्ये अर्धा तास मोटरला विश्रांती द्यावी.

क्षमतेचंही तसंच. पाउंडात लिहिलेला आकार तयार ब्रेडचा असतो: १.५ पाउंड म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम, २ पाउंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. ९०० ग्रॅमच्या ब्रेडला पीठ साधारण ५०० ते ५५० ग्रॅम. घराला रोज ६८० ग्रॅमचा ब्रेड लागत असेल तर ९०० ग्रॅमचं मशीन घ्या आणि ते कमालवर चालवूच नका. वाट्यांच्या मापाने पीठ घेणाऱ्यांचं मशीन लवकर थकतं असं म्हणायला जागा आहे: दाबून भरलेल्या वाटीत हलक्या हाताने भरलेल्यापेक्षा पीठ बरंच जास्त बसतं आणि नकळत गोळा दगडासारखा होतो. वजनकाटा वापरा. तरीही मळणी सुरू झाल्यावर पाच-आठ मिनिटांनी झाकण उघडून बघा. गोळा एकसंध, भांड्याच्या बाजू सोडणारा आणि तळाशी किंचित चिकटणारा हवा. पातं ठोकत असेल आणि गोळ्याला भेगा असतील तर एकेक चमचा पाणी घाला. सूप झालं असेल तर एकेक मोठा चमचा पीठ.

भांडं आत अडकवायच्या दोन पद्धती आहेत: फिरवून लॉक करायची आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या क्लिपांत दाबून बसवायची. क्लिपा कालांतराने उघडतात आणि घट्ट पिठात भांडं उचकटून वर येतं, कपलिंग चाकाच्या पंखांवरून घसरत दोन्ही झिजवत राहतं. फिरवून लॉक होणारं भांडं इथे सरस. क्लिपांचं मशीन असेल तर त्या पक्कडीने हलकेच आत वाकवता येतात, पण मशीन थंड असताना आणि प्लग काढून.

हीटर, झाकण आणि आतली चेंबर

हीटर म्हणजे तळाशी भांड्याभोवती फिरलेली नळी. ती सहसा जळत नाही. तिच्यावर सांडलेलं पीठ जळतं. जास्त यीस्ट किंवा जास्त पीठ घातलं की गोळा भांड्याबाहेर येतो, नळीवर पडतो आणि धूर होतो. मशीन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं आत पिळून घालू नका. चेंबरच्या भिंतीतून एक लहान धातूचं टोक बाहेर आलेलं दिसेल, तो तापमानाचा सेन्सर. त्यावर करपलेलं पीठ चिकटलं तर मशीनला चुकीचं तापमान कळतं आणि ब्रेड कच्चा राहतो किंवा जास्त भाजला जातो.

हीटर नीट आहे का हे कळायला टोचायचा थर्मामीटर पुरतो. तयार ब्रेडच्या मधोमध ९३ ते ९६ अंश दिसले पाहिजेत. तीच कृती, तोच प्रोग्रॅम आणि आकडा हळूहळू ८८-८९ वर यायला लागला, तर सेन्सर आधी पुसा, मग हीटरकडे बघा. मशीन अजिबातच तापत नसेल पण मळतं आहे, तर बहुतेक वेळा थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारा भाग, उडालेला असतो. तो एकदाच वापरायचा भाग आहे, बदलावाच लागतो, आणि तो का उडाला ते शोधल्याशिवाय बदलू नये.

मापं घेताना एक नियम पाळला तर अर्ध्या तक्रारी येणारच नाहीत: भांडं बाहेर काढूनच भरायचं. मशीनमध्ये ठेवून पीठ ओतलं की ते चाकाच्या खोबणीत पडतं, भाजलं जातं, आणि कपलिंग नीट बसेनासं होतं. जिन्नसांचा क्रम पुस्तिकेतला पाळा. बहुतेक मशीन आधी पाणी, मग पीठ, शेवटी यीस्ट मागतात. पॅनासॉनिकच्या अनेक मॉडेल्समध्ये यीस्ट वेगळ्या डब्यातून पडतं किंवा तळाशी आधी घालायचं असतं, कारण त्यांचा प्रोग्रॅम सुरुवातीला बराच वेळ जिन्नस एका तापमानाला आणत नुसताच थांबतो. मशीन अर्धा तास हलत नाही म्हणून ते बिघडलं असं समजून परत करणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

लागोपाठ दोन ब्रेड करणाऱ्यांनी पहिल्यानंतर झाकण उघडं ठेवून निदान अर्धा तास थांबावं. चेंबर गरम असेल तर बरीच मशीन त्रुटीचा संदेश दाखवून सुरूच होत नाहीत, आणि जी होतात त्यांच्यात यीस्ट मळतानाच फुगायला लागतं.

प्रोग्रॅम कोणते हवेत

चार. साधा ब्रेड, गव्हाचा ब्रेड, फक्त मळून-फुगवून देणारा आणि फक्त भाजणारा. पाचवा, स्वतः वेळा ठरवायचा प्रोग्रॅम असेल तर उत्तम. जॅम, केक, दही वगैरे असलं तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. जॅमची साखर तर लेप घासतेच. झटपट प्रोग्रॅम रोज वापरायचा नसतो: तासा-दोन तासांत ब्रेड होण्यासाठी यीस्ट जास्त लागतं, चव उथळ येते आणि ब्रेड दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो. ओव्हन घरात असेल तर मशीनकडून फक्त मळून घ्या आणि भाजा ओव्हनमध्ये. भांड्यातला लेप, पातं, हीटर, सगळ्यांवरचा ताण कमी होतो आणि क्रस्टही चांगलं येतं.

वीज जात असेल तिथे स्मृती किती मिनिटांची आहे ते पुस्तिकेत बघा. साधारण ५ ते १५ मिनिटांची असते. त्यापेक्षा जास्त वेळ वीज गेली तर मशीन कुठवर आलं होतं ते विसरतं. पीठ मळून झालं असेल तर ते भांड्यातच फुगू द्या, दुप्पट झालं की फक्त भाजणारा प्रोग्रॅम लावा. भाजतानाच वीज गेली तर झाकण उघडू नका; वीज आली की तोच प्रोग्रॅम उरलेल्या वेळासाठी लावा आणि शेवटी आतलं तापमान मोजा. म्हणून फक्त भाजणारा प्रोग्रॅम नसलेलं मशीन घेऊ नये.

दुसऱ्या देशातून मशीन आणणाऱ्यांनी व्होल्टेजसोबत फ्रिक्वेन्सीही बघावी. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ६० हर्ट्झसाठी केलेली इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. पट्टीवर ५०/६० असं दोन्ही लिहिलेलं नसेल तर तो सौदा सोडावा.

परत करायची मुदत संपण्याआधी

पहिल्या आठवड्यातच मशीनला कामाला लावा. आधी साधा ब्रेड: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१५, मीठ ९, साखर १५, तेल किंवा लोणी २०, इन्स्टंट यीस्ट ५. हा नीट आला तर हीटर आणि वेळा ठीक. मग मळणीचा प्रोग्रॅम लावून मैदा ४०० आणि पाणी २२० ग्रॅमचं घट्ट पीठ. मशीन किती सरकतं, भांडं वर उचकटतं का, पट्ट्याचा टकटक आवाज येतो का, रबर जळल्याचा वास येतो का, हे समोर उभं राहून बघा. मग पाण्याची आणि पांढऱ्या कागदाची परीक्षा. वॉरंटीच्या कागदात भांडं आणि पातं धरलंय की झिजणारे भाग म्हणून वगळलंय तेही याच आठवड्यात वाचून ठेवा.

वापरलेलं मशीन घेताना क्रम उलटा करा: आधी भांडं, कारण दोष तिथेच सापडतो. तळावरचा ओघळ, दांड्याचा खेळ, लेपातली चकती. मग मशीनच्या खालच्या बाजूला काळी रबरी भुकटी दिसते का ते बघा. असेल तर पट्टा संपत आलाय. भाजायचा प्रोग्रॅम दहा मिनिटं रिकामा चालवा, झाकणाच्या आतल्या बाजूला हात धरून बघा आणि प्रत्येक बटण दोनदा दाबा. भांडं वाईट पण नवं मिळत असेल तर तेवढी किंमत कमी करून मागा. पट्टा आणि कपॅसिटर कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे बदलून होतात. मात्र मशीन स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक असते, त्याच्या टोकांना हात लावू नका. कंट्रोल बोर्ड गेला असेल आणि सुटा मिळत नसेल, तर फुकट देत असले तरच न्या, तेही तुमच्याकडे त्याच मॉडेलचं मशीन असेल तर, भांड्यासाठी.